पाटीवर डॉलर नव्हता

सकाळचे अकरा वाजले की अजूनही मला एका जागी बसवत नाही. खुर्चीतून उठतो, ओसरीवर जातो, फाटकापर्यंत जाऊन परत येतो. बायको आतून ओरडते, "आली का हो तुमची तार?" नोकरी सोडून इतकी वर्षं झाली, आता मला तार कोण करणार? पण बावीस वर्षं रोज त्या वेळेला तारवाल्याच्या सायकलची घंटा ऐकण्यासाठी कान टवकारले, ते कान काही निवृत्त व्हायला तयार नाहीत. डॉक्टर म्हणतात रक्तदाब आहे. असेल. मला विचाराल तर ही मुंबईच्या बाजारभावाची बाधा आहे.

मी सांगलीला एका शेअर दलालाच्या पेढीवर कामाला होतो. शेअर म्हटलं की लोकांना वाटतं मोठा हॉल, आरडाओरडा, कोट-टोपीवाले. आमच्याकडे तसलं काही नव्हतं. पेठेत एक गाळा, दोन गाद्या, एक लोखंडी कपाट आणि दारात टांगलेली काळी पाटी. गिऱ्हाईक सांगणार, अमुक गिरणीचे इतके शेअर घ्या किंवा विका. आम्ही मुंबईच्या मोठ्या दलालाला तार करणार, तो बाजारात उभा राहून व्यवहार करणार, संध्याकाळी उलट तार. मधली दलाली आमची. सांगलीची खरी ऐट हळदीची. तिथं घेणारा आणि विकणारा रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात, शेजाऱ्यालाही पत्ता लागत नाही. हळदीचे व्यापारी आम्हाला हसायचे. "तुमच्यात सगळा गाव ओरडतो आणि भाव कुणालाच कळत नाही," म्हणायचे. मला राग यायचा, पण बोलणं खोटं नव्हतं.

आमच्या पाटीवर रोज तीन गोष्टी लिहायच्या. सगळ्यात वर सोन्याचा भाव. त्याखाली पौंडाचा. आणि त्याखाली पाचसहा कंपन्यांच्या शेअरचे भाव, मुंबईहून अकराच्या तारेनं आलेले. मालकांचा दंडकच होता की पेढीवर येणाऱ्या माणसाला वरच्या दोन ओळी वाचून खालच्या ओळींचा अंदाज सांगता आला पाहिजे. "दामोदर, खालचं सगळं वरच्यावर नाचतं," ते म्हणायचे.

कसं नाचतं, ते सोपं करून सांगतो. माणूस घाबरला की त्याला हातात धरता येईल असं काहीतरी हवं असतं. शेअर म्हणजे कागद. त्यावर सही कुणाची, कंपनी कुठली, कारखाना कुणी पाहिलाय? म्हणून भीती आली की मोठी माणसं कागद विकतात आणि सोनं घेतात. सोनं वर, शेअर खाली. भीती गेली की उलटं. पौंडाचं काम वेगळं. गिरणीची यंत्रं विलायतेहून यायची, चांगला लांब धाग्याचा कापूसही बाहेरून यायचा. पौंड महाग झाला तर गिरणीचा खर्च वाढणार, नफा कमी होणार, शेअर उतरणार. पण पौंडाची ओळ लिहायचा मला कंटाळा यायचा, कारण ती हलतच नव्हती. एक रुपया म्हणजे एक शिलिंग सहा पेन्स. कालही तेच, आजही तेच, पुढच्या वर्षीही तेच. एके दिवशी मी वैतागून पेंटरला बोलावलं आणि ती ओळ तेलरंगात लिहून घेतली. रोजचा खडू वाचला. मालकांनी बघितलं आणि मिशीत हसले. त्यांनी तेव्हाच मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं असं आता वाटतं.

बेचाळीस साली रंगून पडल्याची बातमी आली तेव्हा मालकांचा नियम मी डोळ्यांनी पाहिला. सोनं रोज वर, शेअर रोज खाली. लोक पेढीच्या पायरीवर उभे राहून पाटीकडे बघायचे आणि एकमेकांना विचारायचे, "जपान मद्रासपर्यंत येईल काय हो?" जणू ते पाटीवर लिहिलंय. त्या उन्हाळ्यात मी नियम घोकून पाठ केला. आणि पाठ केलेल्या गोष्टीनंच पुढं माझा घात केला.

दोन वर्षांनंतरची गोष्ट. रहिमतपूरजवळच्या एका खेड्यातले पेन्शनर सुभेदार आमचे गिऱ्हाईक होते. पहिल्या लढाईत मेसोपोटेमियात जाऊन आलेले, आवाज परेडच्या मैदानावरचा. त्यांनी एका लोखंडाच्या कारखान्याचे शेअर घेऊन ठेवले होते आणि मला मोकळीक दिली होती. "गडबड दिसली तर इकून टाका, मला इचारत बसू नका." वैशाखात एका सकाळी मी पेठेतल्या सराफाकडून भाव आणायला गेलो, तर सोनं एकदम चढलेलं. दुपारी आणखी. दुसऱ्या दिवशी आणखी. म्हटलं, युद्धाची काहीतरी वाईट बातमी फुटलीय, सराफांना आधी कळलीय. मालक गावाला गेलेले. मी मुंबईला तार ठोकली आणि सुभेदारांचे सगळे शेअर विकून टाकले.

तिसऱ्या दिवशी मुंबईची तार आली. मुंबईत सोनं जागच्या जागी! चढलं होतं ते फक्त आमच्या पेठेत. आणि त्या लोखंडाच्या कारखान्याचे शेअर पंधरा दिवसांत असे वर गेले की मला पाटीवर ते आकडे लिहायची लाज वाटायला लागली.

सुभेदार स्वतः आले. फेटा, काठी, दारातच उभे. "काय वं दामूअण्णा, माझं शेअर का इकलं?"

"सुभेदार, सोनं फार चढलं होतं. मला वाटलं काहीतरी गडबड..."

"आवं, सोनं चढंल न्हाईतर काय हुईल! आमच्या एका गावात औंदा बारा लग्नं हायेत. पोरं लढाईवर, म्हैन्याच्या म्हैन्याला मनीआर्डरी येत्यात. समदी बाया-मानसं सांगलीलाच सोनं घ्यायला आल्ती. मी सवता पुतनीच्या लग्नाला पाच तोळं घेतलं त्या आठवड्यात." काठी जमिनीवर आपटून ते म्हणाले, "म्हंजी माझ्याच सोन्याला भिऊन तुमी माझंच शेअर इकलं व्हय? लय भारी काम केलंत की!"

गादीवर बसलेले चार लोक खो खो हसले. सुभेदारही शेवटी हसले, भला माणूस. पण मी मनात कानाला खडा लावला. सांगलीत सोनं चढलं की आधी पंचांग बघायचं. लग्नसराई आहे का, दसरा-पाडवा जवळ आलाय का, हळदीचा पैसा मोकळा झालाय का. असेल तर खुशाल चढू दे, घाबरायचं कारण नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती. ती लिहायला मी तीन दिवस टाळाटाळ करतोय.

दर बुधवारी मी साताऱ्याला जायचो. मिरजेला गाडी बदलायची, सातारा रोडला उतरायचं आणि मोटारीनं गावात. साताऱ्यात पेन्शनर आणि वकील लोक पुष्कळ, आमची निम्मी गिऱ्हाइकं तिथली. त्यांत एक काकू होत्या. त्यांचे यजमान वकील, ते अचानक गेले तेव्हा मुलगा विनू शाळेत होता. मागं राहिले एका कापड गिरणीचे शेअर आणि राहतं घर. काकूंना आकड्यांचं डोकं विलक्षण. मी दारात चप्पल काढायच्या आधीच आतून आवाज यायचा, "या दामोदरपंत, आज सोनं काय म्हणतंय?" मी भाव सांगायचा, मग चहा, मग बाकीच्या गोष्टी. आठदहा वर्षांत एकही बुधवार असा गेला नाही की त्यांनी सोन्याचा भाव विचारला नाही. त्यांच्याकडे आईकडून आलेल्या जाड पाटल्यांची एक जोडी होती. स्वतः घालायचा प्रश्नच नव्हता, त्या सुनेसाठी ठेवलेल्या. मी एकदोनदा म्हटलं, "काकू, सोनं कपाटात पडून काही देत नाही. विका, शेअर घेऊ." त्यावर त्या म्हणायच्या, "राहू दे हो. ते काही देत नाही, पण मागतही नाही." मला ते अडाणीपणाचं वाटायचं.

विनू हुशार निघाला. पुण्याहून इंजिनियर झाला आणि अमेरिकेतल्या एका विद्यापीठात त्याला जानेवारीच्या सत्रासाठी प्रवेश मिळाला. एकोणपन्नास सालची गोष्ट. तेव्हा परदेशी पैसा हवा तर सरकारची परवानगी लागे. ती भाद्रपदात आली. परवानगी डॉलरची. म्हणजे इतके डॉलर तुम्ही घेऊ शकता, त्याचे रुपये जो भाव असेल त्याप्रमाणे तुम्ही भरा. काकूंनी हिशोब करून ठेवला होता. गिरणीचे सगळे शेअर विकले की वर्षाची फी, राहणं आणि बोटीचं तिकीट बरोबर निघत होतं. वर फारसं काही उरत नव्हतं.

त्या बुधवारी मी गेलो तेव्हा कागद टेबलावर मांडलेले होते. काकू म्हणाल्या, "विकून टाका सगळे. बँकेत भरून डॉलर घेऊन ठेवू."

मी म्हटलं, "आता? काकू, शेअर आत्ता तळाला आहेत. थोडी कळ काढा. दसऱ्याला बाजार उठतो. तीन आठवडे थांबलात तर हातात जास्त पडतील, विनूला एखादा गरम कोट शिवता येईल."

त्यांनी कागदांवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाल्या, "पण सोनं चढतंय ना हो? तुम्हीच सांगितलंत आत्ता."

"ते सांगलीचं सोनं. दसरा जवळ आलाय, सराफ माल भरून ठेवतायत. दरवर्षीचं आहे."

"दामोदरपंत," काकू म्हणाल्या, "पितृपंधरवडा चालू आहे. या पंधरा दिवसांत आपल्याकडे कुणी गुंजभर सोनं घेत नाही. मग भाव चढवतंय कोण?"

हा प्रश्न आजही माझ्या कानात आहे. सकाळीच मी सराफाकडे जाऊन आलो होतो. दुकान ओस, सराफ जांभया देतोय, गडी तराजू पुसतोय. गिऱ्हाईक नाही आणि भाव वर! एवढं डोळ्यांसमोर असूनही मला दिसलं नाही की हा भाव मुंबईच्या भीतीनं चढतोय. मला दिसत होते सुभेदार, त्यांची काठी आणि गादीवर हसणारे चार लोक. पुन्हा हसं करून घ्यायचं नव्हतं. मी म्हटलं, "काकू, हे सराफांचे खेळ आहेत. तुम्ही नका मनावर घेऊ."

"आणि डॉलर? त्याचा भाव हलला तर? तुमच्या पाटीवर डॉलर असतो का?"

"डॉलर कशाला लागतो पाटीवर? रुपया पौंडाला बांधलेला. पौंडाची ओळ मी तेलरंगात लिहून ठेवलीय!" आणि मी हसलो. होय, हसलो.

काकूंनी कागद गोळा केले. "तुम्ही यातले जाणकार. थांबू या," म्हणाल्या.

सोमवारी सकाळी पेठेत कुजबुज सुरू झाली. कुणाकडे रेडिओ होता त्यानं ऐकलं होतं. इंग्लंडनं पौंडाची किंमत डॉलरच्या मानानं एकदम खाली आणली. मी पाटीसमोर उभा होतो. आपलं सरकार काय करतंय याची सगळे वाट बघत होते. मग कळलं, आपणही रुपया तेवढाच खाली आणला. म्हणजे रुपया आणि पौंड दोघं हातात हात घालून विहिरीत उतरले. दोघांमधलं अंतर तेच. एक शिलिंग सहा पेन्स. माझ्या तेलरंगातल्या ओळीचं एक अक्षर चुकलं नव्हतं! आणि सव्वातीन रुपयांच्या थोडा वर असलेला डॉलर पावणेपाचाला जाऊन बसला होता.

दुपारी मुंबईची तार, व्यवहार थांबलेत, भाव नाहीत. मालक म्हणाले, "बस जरा, चहा घे." मला बसवेना. पेढी ते पोस्ट, पोस्ट ते पेढी, किती फेऱ्या मारल्या देव जाणे. पोस्टमास्तर शेवटी म्हणाले, "अहो, तार आली की मी पाठवीन, माझा उंबरा झिजवू नका." मंगळवारी पहाटेच गाडी धरली.

रहिमतपूरला सुभेदार डब्यात चढले. मला बघून म्हणाले, "आवं दामूअण्णा, आज बुधवार न्हाई. कुनीकडं निघालाय असं तोंड करून?"

मी सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "माझ्या येळंला भ्यायचं न्हवतं, तवा भ्यालात. आन् आता भ्यायचं हुतं, तर भ्यालाच न्हाई." थोड्या वेळानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "त्या बाईला खरं सांगा. शेअर कवा चढनार, डालर कवा उतरनार, आसलं काई बोलू नगा."

काकूंच्या दारात पोचलो. आतून नेहमीचा आवाज आला नाही. त्या झोपाळ्यावर बसल्या होत्या, वर्तमानपत्र मांडीवर. विनू खिडकीशी उभा. मी म्हटलं, "काकू, चूक माझी. माझ्यामुळे झालं हे." चाळिशीचा बाप्या मी, त्यांच्या समोर लहान पोरासारखा रडलो.

विनू म्हणाला, "आई, मी पुढच्या वर्षी जातो. काही बिघडत नाही."

"पुढच्या वर्षी प्रवेश मिळेल?" काकूंनी विचारलं. उत्तराची वाटही बघितली नाही. त्यांनी माझ्याकडे वळून सांगितलं, "रडायला आता वेळ नाही. बाजार उघडला की शेअर विका. जो भाव येईल तो."

बाजार उघडला आणि वेडापिसा झाला. एका दिवसात तीन तारा आल्या. पहिली, शेअर घसरले. दुसरी, चढले, कारण कुणीतरी म्हणालं की आता आपला माल परदेशात स्वस्त पडेल, भरपूर खपेल. तिसरी, गिरण्यांचे पुन्हा घसरले, कारण पाकिस्ताननं आपला रुपया खाली आणला नाही आणि कापूस तिकडचा. मी पाटी पुसत होतो, लिहीत होतो, पुसत होतो. शर्ट खडूनं पांढरा. दुसऱ्या तारेच्या भावावर मी काकूंचे शेअर विकले. थट्टा बघा नशिबाची, गेल्या बुधवारी मिळाले असते त्यापेक्षा थोडे जास्तच मिळाले. शेअरपुरता माझा सल्ला बरोबर ठरला होता! फक्त त्या रुपयांचे डॉलर आता पुरत नव्हते, चांगले एक तृतीयांश कमी पडत होते.

पुढच्या बुधवारी काकूंनी फडक्यात गुंडाळलेल्या पाटल्या माझ्या हातात ठेवल्या. "सांगलीला विका. तिथला भाव बरा असतो."

"काकू, या सुनेच्या..."

"सून आल्यावर बघू. आधी नवरदेव शिकू दे."

सोनं त्या दिवसांत आणखी वर गेलेलं. ज्या पाटल्या विकून शेअर घ्या म्हणून मी त्यांच्या मागं लागलो होतो, त्यांनीच वेळ निभावली. सराफानं तराजूत टाकल्या तेव्हा मी दुसरीकडे बघत होतो. आलेले पैसे, राहिलेला फरक भरायला घरातली काही भांडी आणि वकीलसाहेबांची कायद्याची पुस्तकं, असं करून डॉलर पुरे झाले. मी माझी दलाली परत द्यायला गेलो, तर काकू कडाडल्या. "काम केलंत, त्याची ती मजुरी. ठेवा खिशात. सल्ला मी मागितला आणि ऐकला मी."

विनू डिसेंबरात बोटीनं गेला. मी पेंटरला बोलावून पाटीवर डॉलरची ओळ घालून घेतली. मालक म्हणाले, "तेलरंगात?" मी म्हटलं, "नाही. नुसती जागा सोडा. रोज खडूनं लिहीन."

त्यानंतरही मी दर बुधवारी काकूंकडे जात होतो. शेअर राहिले नव्हते, काम काही नव्हतं, तरी जायचो. चहा मिळायचा, विनूची पत्रं वाचायला मिळायची. पण दारात चप्पल काढताना आतून तो प्रश्न पुन्हा कधी आला नाही. मी मात्र सकाळी सराफाकडे जाऊन भाव विचारून यायचोच, न जाणो आज विचारतील. भाव तसाच ओठावर घेऊन परत सांगलीला यायचो.

विनू शिकला, तिथंच नोकरीला लागला, तिकडचीच बायको केली. दर महिन्याला पैसे पाठवायचा, पत्र पाठवायचा. चार वेळा येतो म्हणाला, दोनदा आला. काकूंनी एका शब्दानं तक्रार केली नाही.

गेल्या वर्षी त्या फार आजारी आहेत असं कळलं आणि मी साताऱ्याला गेलो. खाटेवर होत्या, अगदी बारीक झालेल्या. विनूला तार गेली होती, पण तो अजून निघाला नव्हता, रजेचं काहीतरी अडलं होतं. मी उंबऱ्यात चप्पल काढली आणि आतून आवाज आला. बारीक, पण तोच. "या दामोदरपंत. आज सोनं काय म्हणतंय?"

भाव मला पाठ होता. मी सांगितला. त्या बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत राहिल्या, बराच वेळ. मग छताकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे त्या पाटल्या आज असत्या, तर त्याच्या येण्याचं विमानाचं तिकीट निघालं असतं."

मी खाटेशी बसलो. दुसरं काय बोलावं सुचेना, म्हणून भाव पुन्हा एकदा सांगितला.